जुन्या गाडीचे मागचे ब्रेक: चाक खोलण्याआधी आणि खोलल्यावर

भंडारा जिल्ह्यात गाडी चालवणाऱ्याच्या वाट्याला मोठा घाट येत नाही. तुमसरच्या उत्तरेला सातपुड्याच्या टेकड्या लागतात, आंबागडाच्या बाजूला थोडे चढउतार आहेत. बाकी मोहाडीपासून लाखांदूरपर्यंत धानाच्या बांध्यांमधून जाणारा रस्ता बहुतेक सपाटच. अशा रस्त्यावर मागचे ब्रेक जवळजवळ निकामी झाले तरी गाडी थांबत राहते. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात, त्यामुळे छोट्या गाडीत थांबवण्याचं बहुतांश काम पुढची चाकंच करतात. मागच्यांचा वाटा हळूहळू कमी होत शून्यावर आला, तरी चालवणाऱ्याला एवढंच वाटतं की ब्रेक थोडे ढिले झालेत.

हा हरवलेला वाटा कळतो तो नको त्या वेळी. कोका अभयारण्याच्या रस्त्यावर अंधारात चितळं आडवी येतात तेव्हा. नागपूर-रायपूर महामार्गावर भर पावसात पुढचा ट्रक एकदम थांबतो तेव्हा. दिवाळीनंतर मंडई आणि झाडीपट्टीच्या नाटकांचे दिवस सुरू होतात, एकेका गाडीत सात-आठ माणसं बसून मध्यरात्री गावाकडे परततात, तेव्हा. आणि उन्हाळ्याच्या सुटीत पचमढी किंवा चिखलदऱ्याचा घाट उतरताना सगळा भार पुढच्या दोन चाकांवर येऊन ती तापतात तेव्हा. मागचा ब्रेक बिघडला तर बहुतेक वेळा गुपचूप बिघडतो, म्हणून त्याला मुद्दाम विचारावं लागतं. विचारायचे बरेचसे प्रश्न पाना हातात घेण्याआधीचे आहेत, आणि ते गाडीच्या मालकालाही विचारता येतात.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे शेवटच्या तुकडीतली गाडीसुद्धा आता दहा वर्षांपलीकडे गेली. ओम्नी २०१९ पर्यंत निघत होती. इंडिका, जुनी आल्टो, वॅगन आर, बोलेरो, सुमो, एखाद्या वाड्यात जपलेली अॅम्बॅसेडर, या सगळ्यांच्या मागच्या चाकांत ड्रम ब्रेक असतात. त्यामुळे तपासण्याची रीतही बरीचशी सारखी.

ड्रम ओतीव लोखंडाचा असतो आणि चाकाबरोबर फिरतो. त्याच्या आत, न फिरणाऱ्या बॅकप्लेटवर, कमानीच्या आकाराचे दोन शू समोरासमोर बसवलेले असतात. शूवर घासणारं अस्तर असतं, त्यालाच आपल्याकडे लायनर म्हणतात. वरच्या बाजूला व्हील सिलिंडर असतो. पेडल दाबलं की ब्रेक ऑईलच्या दाबाने त्याचे दोन पिस्टन बाहेर सरकतात आणि शू ड्रमला आतून टेकतात. पेडल सोडलं की स्प्रिंगा शूंना मागे ओढतात. लायनर झिजत जाईल तसं ड्रम आणि शू यांच्यातलं अंतर भरून काढायला मध्ये अॅडजस्टर असतो. आणि हॅण्डब्रेकची केबल एका छोट्या तरफेने याच दोन शूंना फाकवते.

थोडक्यात, त्याच शूंना हुकूम दोन वाटांनी येतो: पेडलकडून तेलाच्या दाबाने, हॅण्डब्रेककडून केबलने. निदानाची किल्ली इथेच आहे. हॅण्डब्रेक घट्ट धरतो पण पेडलने मागचं चाक थांबत नाही, तर शू आणि ड्रम बहुधा ठीक आहेत. दोष तेलाच्या वाटेत शोधायचा. पेडलने चाक थांबतं पण हॅण्डब्रेक धरत नाही, तर केबल किंवा तरफ. दोन्ही नीट धरत नाहीत, तर झिजलेले लायनर, वाढलेलं अंतर किंवा लायनरवर आलेलं तेल.

उभ्या गाडीवर

इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला साठलेला व्हॅक्यूम संपेल. मग पेडलवर पाय दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. जागचं हललंच नाही आणि कडक राहिलं, तर आधी बूस्टर आणि त्याची व्हॅक्यूमची नळी बघा. अशा वेळी मागची चाकं खोलण्यात दिवस घालवू नका.

बूस्टर ठीक निघाला की पेडलचं ऐका. पहिल्या दाबाला ते बरंच खाली जातं, पण लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येऊन घट्ट लागतं, म्हणजे कुठेतरी अंतर वाढलंय. बहुतेक वेळा मागच्या शूंचं. पंप मारला की ब्रेक लागतो अशी तक्रार घेऊन येणाऱ्या जुन्या गाड्यांत मी पहिला संशय इथेच घेतो. पेडल दाबताना स्पंजासारखं मऊ लागत असेल तर तेलात हवा शिरली आहे. आणि घट्ट लागून, पाय तसाच धरल्यावर हळूहळू फरशीकडे बुडत असेल, तर तेल कुठून तरी निसटतंय: बाहेर गळतंय, किंवा मास्टर सिलिंडरच्या आतले वॉशर गेलेत. ही तिसरी तक्रार असेल तर गाडी चालवत मिस्त्रीकडे नेऊ नका. मिस्त्रीला बोलवा किंवा गाडी ओढून न्या.

अंतर मागचंच आहे का, याची एक सोपी परीक्षा आहे आणि ती फार थोडे लोक करतात. गाडी सपाट जागी उभी करून हॅण्डब्रेक दोन-तीन खटके ओढा आणि मग पेडल दाबा. पेडल आधीपेक्षा स्पष्ट उंचावर आणि घट्ट लागलं, तर केबलने शूंना ड्रमजवळ नेऊन अंतर भरून काढलं, असा त्याचा अर्थ. मागचे शू सेट करायला झालेत. काहीच फरक पडला नाही, तर मास्टर सिलिंडर, हवा आणि पुढचे ब्रेक यांच्याकडे वळा. एका मिनिटाची ही परीक्षा मास्टर सिलिंडर विनाकारण बदलण्याचा खर्च वाचवते.

हॅण्डब्रेक स्वतः किती खटक्यांत लागतो तेही मोजा. बहुतेक गाड्यांत चार ते आठच्या आसपास लागायला हवा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. मग तो खरंच धरतो का, हे चढावर बघायचं. आपल्याकडे चढ शोधावा लागतो: रेल्वेच्या उड्डाणपुलाखालच्या सेवारस्त्याचा उतार, तलावाच्या पाळीवर चढणारा रस्ता, घरासमोरचा रॅम्प, काहीही चालेल. वाहतूक नसलेल्या जागी, गाडीत माणूस बसलेला असताना आणि पाय पेडलच्या वर तयार ठेवून हे करा.

इथे एक गोष्ट थांबून सांगायला हवी, कारण जुन्या गाड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान तिच्यामुळे होतं. हॅण्डब्रेक वर यायला लागला की दुकानात दोन सीटांच्या मधलं झाकण काढून केबलचा नट आवळून देतात. पाच मिनिटांचं काम, हॅण्डब्रेक पुन्हा तीन खटक्यांत लागतो, मालक खूश. पण आत लायनर झिजलेला असतो आणि अॅडजस्टर अडकलेला असतो. केबल आवळल्यामुळे आतली तरफ कायमची थोडी ओढलेली राहते, शू आपल्या मूळ जागी टेकत नाहीत, आणि स्वतःहून अंतर भरून काढणारा अॅडजस्टर त्यानंतर नीट चालत नाही. महिन्याभराने पेडल आणखी खाली जातं. योग्य क्रम एकच: केबल पूर्ण सैल करा, ड्रम काढून शू आणि अॅडजस्टर बघा, शूंचं अंतर जमवा, ड्रम बसवून पेडल काही वेळा दाबा, आणि सगळ्यात शेवटी केबल. काही गाड्यांत अॅडजस्टर पेडलने पुढे सरकतो, काहींत हॅण्डब्रेक ओढल्याने. दुसऱ्या प्रकारच्या गाडीचा मालक हॅण्डब्रेक कधीच ओढत नसेल, फक्त गिअरमध्ये गाडी सोडत असेल, तर अॅडजस्टर गंजून जागीच बसणार.

शेवटी बॉनेट उघडून ब्रेक ऑईलची पातळी बघा. पुढचे पॅड झिजतात तशी ती महिनोन्महिने थोडी खाली येते, त्यात काळजीचं काही नाही. पण भरलं आणि काही आठवड्यांत पुन्हा उतरलं, तर गळती आहे. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला वाकून बघा. टायरच्या आतल्या भिंतीवर किंवा बॅकप्लेटच्या खालच्या काठावर ओला, धूळ धरलेला ओघळ दिसेल. तो कशाचा आहे हे बोटाला कळतं. ब्रेक ऑईल पातळ, निसरडं असतं आणि पाण्याने धुतलं जातं. ओम्नी, बोलेरो, सुमो, अॅम्बॅसेडर यांची मागची चाकं इंजिनवर फिरतात. त्यांच्यात अॅक्सलचं ऑईल सील गेलं तर डिफरन्शियलचं जाड, उग्र गंधकी वासाचं तेल ड्रममध्ये उतरतं. दोन्ही गळतींचा ओघळ दिसायला सारखा, पण दुरुस्ती पूर्ण वेगळी. सील गेलेलं असताना व्हील सिलिंडर बदलला, तर नवे लायनर पंधरा दिवसांत पुन्हा तेलात भिजतील.

थोडं चालवून

रिकामा, सरळ, कोरडा रस्ता निवडा. दहा-पंधरा किलोमीटर नेहमीसारखं चालवा, मध्ये काही वेळा ब्रेक लावा, आणि शेवटी गाडी ब्रेक न वापरता, वेग उतरवत थांबवा. उतरून दोन्ही मागच्या चाकांजवळ हाताची मागची बाजू न्या. टेकवू नका, तापलेला ड्रम कातडी सोलतो. दोन्हीकडे साधारण सारखी ऊब लागली पाहिजे. एक चाक खूप तापलंय आणि जळका वास येतोय, तर तिथला ब्रेक सुटत नाही. एक पार थंड आहे, तर तिथला ब्रेक लागतच नाही. उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांकडे गेलेला असताना, सगळंच गरम लागतं. तेव्हा ही परीक्षा पहाटे करा आणि डावं-उजवं यांच्यातला फरक बघा, एकट्या चाकावरून ठरवू नका.

ब्रेक लावल्यावर पेडल पायाखाली धडधडत असेल, तर पुढच्या डिस्क वाकड्या झाल्यात की मागचा ड्रम अंडाकृती झालाय, हे हॅण्डब्रेकने ओळखता येतं. रिकाम्या रस्त्यावर ताशी ३०-४० किलोमीटरच्या वेगाने जाताना हॅण्डब्रेकचं बटण दाबून धरा आणि दांडा अगदी हळू, थोडासाच ओढा. बटण सोडायचं नाही, म्हणजे दांडा अडकणार नाही. आता सीटखालून तीच धडधड आली, तर दोष मागे आहे. ओल्या रस्त्यावर किंवा धानाचं तणस पसरलेल्या रस्त्यावर हे मुळीच करू नका. तिथे मागची चाकं लॉक झाली की गाडी गर्रकन फिरते.

आवाजांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीला सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकांना घरघर आली आणि मग थांबली, तर तो ड्रमवरचा गंज होता. थांबली नाही आणि लोखंडावर लोखंड घासल्यासारखी येत राहिली, तर लायनर संपून रिव्हेट किंवा शूचं लोखंड ड्रमला लागलंय. तेवढं पुरे, तशी गाडी पुढे चालवू नका, ड्रमही जाईल.

चाक उचलून

जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, चाक फिरवायलासुद्धा घोडी लावल्याशिवाय हात घालायचा नाही. हॅण्डब्रेक सोडावा लागणार असल्यामुळे पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके लावा. जागा कडक आणि सपाट हवी. खळ्यातल्या भुसभुशीत मातीत जॅक रुततो.

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून चाक हाताने फिरवा. हलकी, एकसारखी घासण चालते. मागची चाकं इंजिनवर फिरणाऱ्या गाडीत एक चाक फिरवलं की दुसरंही उचललेलं असेल तर ते उलटं फिरू शकतं आणि डिफरन्शियलचं ओझंही हाताला जाणवतं. त्याला ब्रेकची घासण समजू नका. चाक खरंच जड फिरत असेल तर मदतनीसाला पेडल जोरात दाबून सोडायला सांगा आणि पुन्हा फिरवा. अजून जड असेल, तर व्हील सिलिंडरच्या मागचा ब्लीडर निपल पाव फेरा उघडा. तेल उसळून बाहेर आलं आणि चाक लगेच मोकळं झालं, तर दाब आत कोंडला होता: रबरी नळी आतून फुगून बंद झाली आहे किंवा मास्टर सिलिंडर तेल परत घेत नाही. अशी नळी बाहेरून नवीकोरी दिसू शकते, तिच्या दिसण्यावर जाऊ नका. निपल उघडूनही चाक जडच राहिलं, तर हॅण्डब्रेकची केबल सैल करा. आता मोकळं झालं तर केबल गंजून अडकली आहे. तरीही नाही, तर मोडकी स्प्रिंग, बॅकप्लेटवर अडकलेला शू किंवा जाम झालेला पिस्टन; आता ड्रम काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

दोन्ही मागची चाकं एकाच वेळी अडकत असतील तर नकाशा डोळ्यांसमोर आणा. मागची चाकं इंजिनवर फिरणाऱ्या बऱ्याच गाड्यांत अॅक्सलपर्यंत एकच रबरी नळी जाते आणि तिथून दोन्ही चाकांना फाटे फुटतात. दोन्हीकडचा दोष म्हणजे बहुधा ती एक नळी. पुढची चाकं इंजिनवर फिरणाऱ्या बऱ्याच गाड्यांत तेलाच्या वाटा तिरप्या असतात, एका बाजूचं पुढचं चाक आणि दुसऱ्या बाजूचं मागचं एका वाटेवर. तिथे दोन्ही मागची चाकं अडकली तर आधी हॅण्डब्रेक बघा, कारण दोघांना जोडणारी वाट मागे तीच आहे. निपल उघडला असेल, तर त्या चाकाची हवा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही, हे सांगायला नको.

आपल्याकडचा पाऊस आणि चिखल

मागचे ब्रेक बिघडण्यात आपल्या जिल्ह्याच्या पाण्याचा मोठा हात आहे. रोवणीच्या दिवसांत पांदण रस्त्याने गाडी शेतापर्यंत जाते, चिखल बॅकप्लेटच्या फटींतून आत शिरतो, आणि घरी आल्यावर कोणी ओल्या ड्रमवर हॅण्डब्रेक ओढून गाडी दोन-चार दिवस सोडून देतो. लायनर ड्रमला गंजाने चिकटतो. मग सुरू करून पुढे रेटल्यावर मोठा खटका होऊन चाक सुटतं. कधी लायनरचा तुकडा शूवरून उखडतो. पावसाळ्यात पाण्यातून आल्यावर शेवटचे शंभर-दोनशे मीटर पेडलवर हलका पाय ठेवून ड्रम वाळवा, आणि गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी गिअरमध्ये टाकून चाकांना गुटके लावा, हॅण्डब्रेक सोडा. चिकटलेलं चाक हिसके देऊन सोडवण्यापेक्षा ते उचलून ड्रमच्या सपाट तोंडावर लाकडी हातोड्याने हलके ठोके देणं बरं.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला तेव्हा भंडारा शहरात आणि नदीकाठच्या गावांत कितीतरी वाहनं पाण्यात उभी होती. अशी गाडी कोणी विकायला आणली, किंवा तुमच्या घरच्या गाडीच्या अॅक्सलपर्यंत पाणी चढून गेलं असेल, तर इतर कशाची वाट न बघता मागचे दोन्ही ड्रम उघडा. पुराचा गाळ बारीक असतो. तो अॅडजस्टरच्या आट्यांत आणि पिस्टनच्या रबरी टोप्यांमागे बसून पुढचे कित्येक महिने गंज चढवत राहतो.

आणि अडकलेल्या, तापलेल्या ब्रेकची गाडी तणसाच्या ढिगाजवळ किंवा तणस पसरलेल्या अंगणात उभी करू नका. आग लागायला एवढंही पुरतं.

ड्रम उघडल्यावर

एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू जशीच्या तशी राहिली म्हणजे कोणती स्प्रिंग कुठे होती हे बघता येतं. मोबाईलवर फोटोही काढून ठेवा. काही गाड्यांत ड्रम आणि हब एकच असतात, मधला नट काढल्यावर बेअरिंगसकट ड्रम बाहेर येतो. तिथला नट परत किती आवळायचा हे पुस्तकातून बघूनच करावं. काहींत ड्रम चाकाच्या बोल्टांवर नुसता बसवलेला असतो आणि गंजामुळे निघत नाही. त्याच्या तोंडावर बहुधा आटे असलेली दोन भोकं असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आलटून पालटून आवळले की ड्रम सरळ बाहेर येतो. हातोड्याने कडा ठोकू नका, ओतीव लोखंड तडकतं. झिजलेल्या ड्रमच्या काठाला उरलेली कड शूंना अडवत असेल तर आधी अॅडजस्टर सैल करावा लागतो.

आत काळी भुकटी असेल. तिला तोंडाने फुंकू नका, आणि हवेच्या पाईपने उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका. दुकानात काम करणाऱ्या पोराच्या नाकावर रुमाल नसेल तर तो बांधायला सांगा. तो दिवसातून असे कित्येक ड्रम उघडतो.

मग सावकाश बघा. लायनरची जाडी सगळ्यात पातळ जागी मोजा. एक-दीड मिलिमीटर उरलं असेल तर संपलं समजा, आणि रिव्हेटचा असेल तर माप रिव्हेटच्या डोक्यापासून धरा. दोन शूंपैकी पुढचा जास्त झिजणं बऱ्याच गाड्यांत स्वाभाविक आहे. डाव्या चाकाचे आणि उजव्या चाकाचे शू वेगवेगळे झिजले असतील तर ते स्वाभाविक नाही. व्हील सिलिंडरची रबरी टोपी बोटाने थोडी उचला. आत तेल साचलेलं असेल तर सिलिंडर गेला. जुन्या गाडीत नुसतं वॉशर किट टाकून तो वाचवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पंधरा-वीस वर्षांच्या सिलिंडरला आतून गंजाचे खड्डे पडलेले असतात आणि नवं रबर त्यांवर फाटतं. पूर्ण सिलिंडर फार महाग नसतो. बदलताना दोन्ही बाजूंचे बदला, आणि जुना नमुना दुकानात घेऊन जा. एकाच गाडीच्या वेगवेगळ्या सालांत सिलिंडरचं आतलं माप बदललेलं असू शकतं. वेगळ्या मापाचा बसवला तर चाकं असमान थांबतील.

बॅकप्लेटवर शू जिथे टेकून सरकतात तिथे खाचा पडल्यात का बघा, गंज घासून काढा आणि तापमान सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. लायनरला तो लागू नये. अॅडजस्टर हाताने फिरला पाहिजे. हॅण्डब्रेकची तरफ बोटाने हलून परत आली पाहिजे. ताणलेल्या, निळसर पडलेल्या स्प्रिंगा बदला. ड्रमच्या आतून बोट फिरवा: खोल चरे, तडे, निळे डाग. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा बऱ्याचदा उठवलेला असतो. लेथवर घासून घेतल्यावर तो ओलांडला जाणार असेल तर ड्रम नवा घ्या. आणि चाक परत बसवताना नट तिरप्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळा. पंक्चरच्या दुकानात लांब पाईप लावून एकेक नट पूर्ण पिळतात, त्याने पातळ ड्रम वाकडा होऊ शकतो.

तेल लागलेले लायनर पेट्रोलने धुऊन, जाळून परत बसवायची पद्धत अजून आहे. तेल अस्तराच्या आत मुरलेलं असतं, तापल्यावर वर येतं. ते टाकूनच द्यायचे, दोन्ही बाजूंचे. तसंच ब्रेकच्या रबरी भागांना पेट्रोल, डिझेल, रॉकेल लागू देऊ नका. ब्रेक ऑईलच्या टाकीत तर डॉट ३ किंवा डॉट ४, झाकणावर लिहिलं असेल तेच. ज्या पडवीत गाडी असते तिथेच ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑईलही असतं, अडीअडचणीला कोणीतरी तेच ओततं. खनिज तेल गेलं की सगळी रबरं फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंत सारं बदलावं लागतं. योग्य ऑईलही दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतली ओल शोषतं. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओल शोषलेल्याचा १४० पर्यंत उतरू शकतो. घाटात पेडल अचानक मऊ पडण्याचं हे मोठं कारण.

हवा काढताना जुन्या गाडीत पेडल फरशीपर्यंत रेटू नका. मास्टर सिलिंडरचा शेवटचा भाग वर्षानुवर्षं वापरात नसतो, तिथल्या गंजावर वॉशर फाटतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की पुरे.

एका गोष्टीला मात्र ठाम नकार द्या. एका मागच्या चाकाचा सिलिंडर गळतोय, सुटा भाग मिळत नाही, म्हणून त्या चाकाची नळी ठोकून किंवा आत छर्रा घालून बंद करायची आणि ‘तीन चाकांवर मस्त चालते’ म्हणून गाडी परत द्यायची, हे अजून घडतं. तीन चाकांवर थांबणारी गाडी ओल्या रस्त्यावर एका बाजूला ओढते. भाग येईपर्यंत गाडी दुकानात उभी राहिली तरी चालेल.

ओझं वाहणाऱ्या काही गाड्यांत मागच्या अॅक्सलला एक दांडा जोडलेला असतो, तो भार बघून मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्व्हला हलवतो. धानाचे कट्टे वाहण्यासाठी कमानीला जादा पाटा घातला की गाडी मागून उचलली जाते, आणि व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. तो मागचा दाब कमी करतो, नेमका भरलेल्या गाडीत. पाटा वाढवला असेल तर त्या दांड्याची जुळणी पुस्तकाप्रमाणे पुन्हा करून घ्या, व्हॉल्व्ह काढून सरळ नळी जोडू नका.

नवे लायनर बसले की पहिले दोन-तीनशे किलोमीटर सावकाश चालवा, जोरात ब्रेक लावायची वेळ येऊ देऊ नका. ड्रमशी त्यांचा पूर्ण मेळ बसायला तेवढं लागतं. त्यानंतर हॅण्डब्रेकचे खटके पुन्हा मोजा आणि दोन्ही चाकांची ऊब पुन्हा बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. एमएच ३६ ची जुनी गाडी त्या तपासणीला न्यायची असेल, तर हे सगळं किमान महिनाभर आधी उरका, म्हणजे नवे लायनर बसलेले असतील आणि एखादी गळती उरली असेल तर ती तोवर दिसलेली असेल. तपासणी नसेल त्या वर्षी पाऊस संपल्यावर, मंडई सुरू होण्याआधी, दोन्ही ड्रम एकदा उघडून पुसून घ्या.